गडकोटांचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर कसे लावावेत: नव्यांसाठी

पावसाळा सरला की सह्याद्रीत गडांवर गर्दी होते आणि फोटोंचा पूर येतो. दोन दिवस ते ग्रुपवर फिरतात, मग फोनची मेमरी भरली म्हणून उडवले जातात. त्यातले चांगले फोटो टिकावेत, कुणालाही वापरता यावेत अशी इच्छा असेल तर विकिमीडिया कॉमन्स ही त्यासाठीची जागा आहे. २००४ साली सुरू झालेल्या या भांडारात आज दहा कोटींहून जास्त संचिका, म्हणजे फाइली, आहेत. मराठी, तमिळ, जर्मन अशा सगळ्या भाषांचे विकिपीडिया इथूनच चित्रं उचलतात. फोटो एकदा चढवला की पुन्हा पुन्हा चढवावा लागत नाही.

अडचण मात्र वेगळीच आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. यातल्या नावाजलेल्या किल्ल्यांचे फोटो कमी नाहीत. पण ‘किल्ला’, ‘सुंदर दृश्य’, ‘माझी ट्रिप ३’ अशा नावांनी पडलेला फोटो असून नसल्यासारखा, कारण शोधणाऱ्याला तो सापडतच नाही. म्हणून कॅमेऱ्याबद्दल फार न बोलता नाव, वर्णन आणि वर्ग (कॅटेगरी) या तीन गोष्टींवर या लेखात जास्त वेळ घालवणार आहे.

खातं

मराठी विकिपीडियावर तुमचं खातं असेल तर तेच कॉमन्सवर चालतं, नसेल तर दोन मिनिटांत होतं. सदस्यनाव निवडताना थोडा विचार करा. ते प्रत्येक फोटोखाली दिसतं, आणि कुणी तुमचा फोटो पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात वापरला तर श्रेय त्याच नावाने छापलं जाण्याची शक्यता असते. खरं नाव द्यायचं की टोपणनाव, हे आधीच ठरवा. खात्याच्या पसंतीक्रमात जाऊन भाषा मराठी केली की बहुतेक बटणं मराठीत दिसतात.

चढवण्याआधी, घरी

संगणकावर एका भटकंतीला एक फोल्डर करा आणि त्यात जागेनुसार उपफोल्डर: दरवाजे, तटबंदी, टाकी, मंदिर, परिसर. मग निर्दयपणे छाटणी करा. एकाच दरवाजाचे पंधरा फोटो असतील तर दोन ठेवा, एक समोरून आणि एक आतून. महादरवाजाचे फोटो सगळेच काढतात. कमतरता असते ती देवडीच्या आतल्या भागाच्या, तटातल्या जंग्यांच्या (मारा करायच्या भोकांच्या), चर्यांच्या (तटावरच्या पाकळ्यांसारख्या दगडांच्या), शौचकूपाच्या, चोरदरवाजाच्या, खांबटाक्याच्या (आत खांब राखून कोरलेल्या टाक्याच्या) आणि वाटेतल्या झिजलेल्या वीरगळाच्या (वीराच्या स्मरणशिळेच्या) फोटोंची. असे फोटो थोडे धूसर असले तरी ठेवा. मावळतीच्या सूर्यापुढे उडी मारणाऱ्या मित्राचा फोटो कितीही देखणा असला तरी घरीच ठेवा. ज्ञानाच्या कामी येईल असंच साहित्य कॉमन्स घेतं.

मूळ फाइलच वापरा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेली फाइल आकसलेली असते आणि फोटो कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही तिच्यातली माहितीही गळून पडलेली असते. ट्रेकमधल्या सोबत्याकडून स्वतःचाच फोटो परत घ्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. कडेला टाकलेलं स्वतःचं नाव, कोपऱ्यातली तारीख, चौकट, फिल्टर, काहीही नको. वाकडं क्षितिज सरळ करायला हरकत नाही.

आयफोन वापरत असाल तर चढवताना अडाल. त्याचे फोटो बहुधा एचईआयसी प्रकारात साठवलेले असतात आणि कॉमन्स ते घेत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजी होतात. व्हिडिओची तीच गत. फोनमधला एमपीफोर इथे चालत नाही, तो वेबएममध्ये बदलावा लागतो. ‘व्हिडिओ टू कॉमन्स’ नावाचं साधन हे काम करून देतं. आवाजाच्या फाइलींना मात्र ओग, वेव्ह, फ्लॅक हे प्रकार चालतात, त्यामुळे गावातल्या शाहिराने परवानगी दिली तर त्याच्या ध्वनिमुद्रणालाही जागा आहे. ती परवानगी लेखी हवी, आणि पोवाडा दुसऱ्या कुणी रचलेला असेल तर त्याचीही.

हक्क कुणाचा

नियम सोपा आहे: शटर ज्याने दाबलं त्याचा फोटो. मित्राने तुमच्या फोनवर काढला असेल तर तो मित्राचा. इंटरनेटवर सापडलेला फोटो तुमचा नाही. आजोबांच्या अल्बममधला फोटो स्कॅन केला म्हणूनही तो तुमचा होत नाही. भारतात २०१२च्या कायदा-दुरुस्तीपर्यंत छायाचित्राचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपत असे, आता तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण कॉमन्सला चित्र मूळ देशाबरोबर अमेरिकेतही मुक्त असावं लागतं, त्यामुळे नुसती साठ वर्षं मोजून भागत नाही. नव्या माणसाने जुन्या फोटोंपासून सुरुवात करू नये, हे माझं स्पष्ट मत.

स्वतः काढलेल्या फोटोला चढवतानाच परवाना द्यावा लागतो. नेहमीचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, आवृत्ती ४.०: कुणीही वापरावं, बदलावं, विकावंसुद्धा, फक्त श्रेय द्यावं आणि बदललेली प्रत त्याच अटींवर पुढे द्यावी. ‘व्यावसायिक वापर नको’ अशी अट घातलेला परवाना इथे चालत नाही. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. कॅलेंडर छापणाऱ्याने तुमचा फोटो नावासकट आणि परवान्याचा उल्लेख करून छापला तर त्यात गैर काहीच नसतं. हे मनाला पटत नसेल तर तो फोटो चढवू नका.

गडावर आणखी एक प्रश्न येतो. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या इमारतीचा किंवा पुतळ्याचा फोटो काढून प्रसिद्ध करायला १९५७च्या भारतीय प्रताधिकार कायद्यातलं कलम ५२ मुभा देतं. त्यामुळे रायगडावर होळीच्या माळावरच्या पुतळ्याचा फोटो चालेल. पायथ्याशी रंगवलेला गडाचा नकाशा, माहितीफलकावरचा मजकूर, भिंतीवरचं चित्र यांना मात्र ती मुभा लागू होत नाही. फलकाचा फोटो स्वतःच्या नोंदीसाठी जरूर काढा, त्यावरून तारखा आणि नावं टिपा, पण चढवू नका.

नाव

कॅमेऱ्याने दिलेलं ‘डीएससी’ किंवा ‘आयएमजी’ आणि पुढे आकडा, असं नाव कॉमन्स बहुतेक वेळा स्वीकारतच नाही. ते एका परीने बरंच. नावात तीन गोष्टी हव्यात: कोणतं ठिकाण, त्यातला कोणता भाग, आणि इतर फोटोंपासून वेगळं ओळखू येईल असं काहीतरी.

नुसतं ‘भैरवगड’ लिहून भागत नाही. मुरबाड तालुक्यात मोरोशीचा भैरवगड आहे, अकोले तालुक्यात शिरपुंज्याचा आहे, आणि याच नावाचे आणखीही आहेत. म्हणून ‘भैरवगड मोरोशी, कातळात कोरलेल्या पायऱ्या, खालून’ असं लिहा. रायगड आणि राजगड यांत रोमन लिपीत एकाच अक्षराचा फरक आहे, ‘आय’च्या जागी ‘जे’. घाईत एक कळ चुकली की महाडजवळचा फोटो वेल्ह्याला जाऊन बसतो. शिवाय रायगड हे जिल्ह्याचंही नाव आहे, आणि छत्तीसगडमधल्या रायगढचं रोमन लेखनही फार वेगळं नाही. ‘रायगड फोर्ट’ असं लिहिणं केव्हाही चांगलं.

देवनागरीत नाव द्यावं का? देता येतं, नियम आडवा येत नाही. पण नावाला २४० बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. यात काना, वेलांटी, हलन्त सगळी चिन्हं स्वतंत्र मोजली जातात. ‘किल्ला’ या एका शब्दाचे अठरा बाइट होतात, तोच रोमन लिपीत पाचात बसतो. म्हणजे मराठीत जेमतेम ऐंशी चिन्हांची जागा. माझी पद्धत अशी: फाइलचं नाव रोमन लिपीत, म्हणजे तेलुगू किंवा फ्रेंच विकिपीडियावरच्या संपादकालाही ते वाचता येतं, आणि मराठी सगळं वर्णनात मनसोक्त. ज्यांना नावही मराठीच हवं त्यांनी खुशाल द्यावं, फक्त आटोपशीर द्यावं.

चौकोनी आणि महिरपी कंस, उभी रेघ, तिरपी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब आणि ‘हॅश’चं चिन्ह नावात चालत नाही. पहिलं अक्षर सोडलं तर रोमन लिपीतली मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात. एकाच जागेचे दहा फोटो असतील तर शेवटी ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्या, नाहीतर यादीत १० हा २च्या आधी येऊन बसतो. नाव नंतर बदलता येतं, पण ते काम अधिकार असलेल्या सदस्याकडून करून घ्यावं लागतं, त्यासाठी फाइलच्या पानावर विनंतीचा साचा (टेम्प्लेट) लावावा लागतो. तेवढे सोपस्कार टाळायचे असतील तर आधीच दोन मिनिटं घालवा.

वर्णन, तारीख, जागा

संचिका चढवण्याचा दुवा दाबला की एकेक पायरी पुढे नेणारा विझार्ड उघडतो. एका वेळी अनेक फोटो घेता येतात आणि पहिल्याचं वर्णन बाकीच्यांवर उतरवता येतं. ही सोय वापरा, पण नंतर प्रत्येक फोटोपाशी थांबून बदल करा. तसं केलं नाही तर बुरुजाच्या फोटोखाली ‘गंगासागर तलाव’ राहून जातं.

मथळा म्हणजे एका ओळीचं नाव. वर्णन त्याहून मोठं असावं. ते मराठीत लिहा, आणि जमेल तसं इंग्रजीतही. फोटो कुठून कुठे बघत काढला, समोर काय दिसतं, डावीकडचा सुळका कोणता, तट कोणत्या बाजूचा, हे सगळं त्यात येऊ द्या. इथे स्थानिक माणसाला तोड नाही. परदेशी छायाचित्रकार ‘जुनं दार’ लिहील, तुम्ही ‘पालीकडून येणाऱ्या वाटेवरचा दरवाजा, उजवीकडे पहारेकऱ्यांची देवडी’ लिहाल. ज्याची खात्री नाही ते लिहू नका. ‘शिवाजी महाराज याच खोलीत राहिले’ छापाची गाइडची वाक्यं वर्णनात नकोत.

शिलालेखाचा फोटो असेल तर वाचता येईल तेवढा मजकूर टाइप करा. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी ‘सेवेचे ठायी तत्पर’ कोरलेली पायरी आहे. हे शब्द वर्णनात असतील तरच शोधखिडकीत ते टाकणाऱ्याला फोटो सापडेल. पुढच्या नावाचं वाचन अभ्यासक वेगवेगळं करतात. अशा वेळी फोटो सरळ वरून आणि तिरप्या उजेडात काढलेला असेल तर वाद घालणाऱ्यांनाही उपयोगी पडतो.

तारीख म्हणजे फोटो काढल्याची तारीख, चढवल्याची नव्हे. फोनमधून ती आपोआप येते. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र बॅटरी काढली की काही वर्षं मागे गेलेलं असू शकतं, म्हणून एकदा तपासा.

अक्षांश-रेखांश फोनमध्ये नोंदलेले असतील तर तेही आपोआप येतात. लक्षात ठेवा, ते कॅमेऱ्याचं ठिकाण असतं. रायगडावरून लिंगाण्याचा फोटो काढला तर जागा रायगडाची, विषय लिंगाणा. आणि घरी काढलेला फोटो चढवत असाल, समजा आजीच्या जात्याचा किंवा देव्हाऱ्यातल्या टाकांचा, तर त्यातून तुमच्या घराचा पत्ताच जगाला कळतो. अशा फोटोंमधली ठिकाणाची नोंद चढवण्याआधी काढून टाका.

वर्ग

नवे लोक सर्वात जास्त चुकतात ते इथे. कॉमन्सवर फोल्डर नाहीत, वर्ग आहेत, आणि एक फोटो एकाच वेळी अनेक वर्गांत असू शकतो. वर्ग एकमेकांत बसवलेले असतात: भारत, त्यात महाराष्ट्र, त्यात महाराष्ट्रातले किल्ले, त्यात रायगड, त्यात एखादी वास्तू. ‘जेवढे जास्त वर्ग तेवढा फोटो जास्त लोकांना दिसेल’ असं वाटून लोक सगळेच लावतात. नियम नेमका उलटा आहे. जो सर्वात नेमका वर्ग असेल तोच लावायचा, त्याच्या वरचे लावायचे नाहीत. रायगडाच्या वर्गात टाकलेला फोटो महाराष्ट्रातल्या किल्ल्यांमध्ये आहे हे त्या रचनेतून कळतंच. सगळ्यांनी सगळं वर लावलं तर ‘भारत’ या वर्गात लाखो फोटो साचतील आणि तो वर्ग कुणाच्याच उपयोगाचा राहणार नाही.

वेगळ्या दिशेने जाणारे वर्ग मात्र एकापेक्षा जास्त लावावेत. रायगडावरून दिसणाऱ्या लिंगाण्याच्या फोटोला लिंगाण्याचा वर्ग हवा, आणि ‘रायगडावरून दिसणारी दृश्यं’ असा वर्ग असेल तर तोही. टाक्याच्या फोटोला त्या गडाचा वर्ग आणि कातळकोरीव टाक्यांचा वर्ग असे दोन चालतील. काढलेल्या साली-महिन्याचा वर्ग ज्यांना आवडतो त्यांनी लावावा, मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

वर्गांची नावं इंग्रजीत असतात, कॉमन्सचं तसं धोरणच आहे. एका वास्तूचं नाव एकवचनी, समूहाचं अनेकवचनी: ‘फोर्ट्स इन महाराष्ट्र’. नेमकं नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका. त्या गडाचा विकिपीडिया लेख उघडा आणि त्यातला कॉमन्सचा दुवा धरून जा, किंवा त्याच गडाचा आधीचा एखादा चांगला फोटो उघडून तळाशी कोणते वर्ग आहेत ते पाहा. जिल्ह्यांची नावं बदलली आहेत, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. वर्गाचं नाव जुनं सापडलं तरी तेच वापरा. वर्ग एकदम हलवण्याचं काम चर्चेनंतर होतं, एकट्याने नवा समांतर वर्ग काढला तर फोटो दोन ठिकाणी विभागले जातात.

वर्ग लाल रंगात दिसला तर तो अजून तयार झालेला नाही. गडाचे चार-पाच फोटो असतील तर तयार करायला हरकत नाही. त्या पानावर वरचे वर्ग लिहा आणि ‘विकिडेटा इन्फोबॉक्स’ हा साचा टाका. गडाची विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्याच कुटुंबातल्या माहितीच्या कोठारात, नोंद असेल आणि ती या वर्गाला जोडलेली असेल तर नाव, ठिकाण, नकाशा तिथून आपोआप येतात, आणि ज्याने भाषा मराठी ठेवली आहे त्याला मराठीत दिसतात.

वर्गांइतकाच कामाचा पण नव्यांच्या नजरेतून सुटणारा आणखी एक रकाना आहे: फोटोत काय दिसतं आहे. चढवल्यानंतर तो भरता येतो. तिथे ‘लिंगाणा’ टाइप करा, विकिडेटावरची नोंद समोर येईल, ती निवडा. ही माहिती कोणत्याही एका भाषेत अडकलेली नसते.

चढवल्यानंतर

फाइलचं पान उघडून एकदा पूर्ण वाचा. वर्ग दुरुस्त करायला खात्याच्या पसंतीक्रमात ‘हॉटकॅट’ हे साधन सुरू असल्याची खात्री करा, वर्गांच्या नावाशेजारी अधिक-उणेची चिन्हं येतात. चाळीस फोटो एका वर्गातून दुसऱ्यात न्यायचे असतील तर ‘कॅट-अ-लॉट’ आहे, त्यात फोटोंवर टिचकी मारत जायचं आणि शेवटी एकदाच हलवायचं.

मराठी विकिपीडियाच्या लेखात चित्र लावणं एका ओळीचं काम आहे: [[चित्र:फाइलचं नाव|इवलेसे|उजवे|चित्राखालची ओळ]]. फाइलच्या नावात शेवटचं जेपीजी धरून सगळं जसंच्या तसं, रोमन लिपीत असेल तर रोमन लिपीतच हवं. लेखाच्या सुरुवातीला गडाचं एकूण दर्शन, आत त्या-त्या परिच्छेदाशी संबंधित चित्र. तुमचे पंचवीस फोटो एकाच लेखात ओतू नका. लेखाच्या तळाशी कॉमन्सच्या वर्गाचा दुवा दिला की बाकीचे तिथे पाहता येतात.

कधीतरी कॉमन्सवरच्या तुमच्या चर्चापानावर संदेश येईल की अमुक फोटो वगळण्याचा प्रस्ताव आहे. घाबरू नका आणि चिडूही नका. चर्चा साधारण सात दिवस चालते, तिथे जाऊन फोटो तुमचाच असल्याचं किंवा फलक का दिसतो याचं कारण लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. चुकून भलताच फोटो चढवला असेल आणि तो कुठे वापरलेला नसेल तर पहिल्या सात दिवसांत तुमच्या विनंतीवरून तो सहज वगळला जातो. त्यानंतर कारणं द्यावी लागतात.

चढवायला स्वतःचे फोटो नसतील त्यांच्यासाठीही काम आहे. कॉमन्सवर ‘अनआयडेंटिफाइड’ने सुरू होणारे वर्ग आहेत, ठिकाण न ओळखलेल्या फोटोंचे. भारताच्या भागात फिरलात तर एखादी ओळखीची माची, बुरुजाचा आकार, मागची डोंगररांग दिसून जाईल. खात्री असेल तर वर्णनात ठिकाण लिहा, हॉटकॅटने योग्य वर्ग लावा आणि ‘अनआयडेंटिफाइड’ काढा. नुसता संशय असेल तर फाइलच्या चर्चापानावर तसं लिहून ठेवा.